प्रोसेसर निवडताना : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये नव्या डेस्कटॉपविषयीच्या प्रश्नांची संख्या स्पष्टपणे वाढली आहे. जुना संगणक अजून चालतो आहे, परंतु त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, अशा कात्रीत अनेक घरे आणि छोटी कार्यालये सापडली आहेत. या महिन्यात निवडलेली सातही पत्रे मुंबईतील असून ती सगळी प्रोसेसरच्या निवडीभोवती फिरतात. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ त्यांच्या भागाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : गिरगावात माझा अक्षरजुळणी आणि पुस्तकांच्या मांडणीचा छोटा व्यवसाय आहे. सध्याचा संगणक आय-५ ७४०० प्रोसेसरचा आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या तीन दुकानांतून तीन निरनिराळी कोटेशने मिळाली : एकात आय-५ १४४००, दुसऱ्यात आय-७ १४७०० आणि तिसऱ्यात रायझन ७ ७७००. आय-५ मध्ये दहा कोअर आहेत आणि रायझनमध्ये आठच, तरीही रायझन महाग, हे कसे? दिवाळी अंकांची कामे ऑगस्टमध्ये हातात येतात, त्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे. (गिरगाव)

उत्तर : तिन्ही कोटेशने दोन दिवस बाजूला ठेवावीत आणि आधी आपला सध्याचा संगणक नेमका कोठे अडतो ते पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एखादी मोठी फाईल उघडताना, दोनशे पानांच्या पुस्तकाची पीडीएफ काढताना किंवा छायाचित्रावर काम करताना जेव्हा आपल्याला थांबावे लागते, नेमक्या त्या वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातील परफॉर्मन्स हा भाग पाहावा. मेमरीचा आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल, तर आपल्याला रॅम हवी आहे; डिस्कचा आकडा शंभरावर चिकटलेला असेल, तर एसएसडी हवी आहे; आणि हे दोन्ही मोकळे असून प्रोसेसरच खपत असेल, तरच पुढचा विचार प्रोसेसरचा करायचा.

येथे एक बारकावा आहे, आणि तो न कळल्यामुळे पुष्कळ लोक फसतात. कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग, आणि धागा (थ्रेड) म्हणजे त्याच्याकडे सोपवलेली कामाची एक साखळी. आपल्या आय-५ ७४०० मध्ये चार कोअर आहेत आणि प्रत्येक कोअर एका वेळी एकच धागा हाताळतो. एखादे सॉफ्टवेअर केवळ एका कोअरवर काम करत असेल, तर तो कोअर पूर्ण थकलेला असूनही एकूण आकडा पंचवीस टक्क्यांच्या आसपासच अडकून राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की प्रोसेसर तर आरामात आहे. पानांची मांडणी करणारी बहुतेक सॉफ्टवेअरे अशीच वागतात. एका ओळीत किती शब्द बसले यावर पुढची ओळ ठरते, आणि त्या ओळींवर पुढचे पान ठरते. हे काम वीस जणांत वाटून देता येत नाही, ते एकामागून एकच करावे लागते. आपल्या संगणकावर असा पंचवीस टक्क्यांचा आकडा दिसला, तर आपल्याला कोअरची संख्या फारशी उपयोगाची नाही. एकेका कोअरचा वेग उपयोगाचा आहे.

आता दहा आणि आठ या आकड्यांविषयी. इंटेलने बाराव्या पिढीपासून डेस्कटॉपच्या अनेक प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर एकत्र बसवले आहेत : मोठे, जे वेगवान असतात, आणि छोटे, जे कमी जागेत व कमी विजेत पार्श्वभूमीची कामे उरकतात. आय-५ १४४०० मधील दहांपैकी सहा मोठे आणि चार छोटे आहेत. एएमडी या कंपनीच्या रायझन ७ ७७०० मधील आठही कोअर मोठेच आहेत. यांतला मोठा कोअर दोन धागे हाताळतो आणि छोटा एक, म्हणून दोघांचेही धागे सोळाच. आय-७ १४७०० मध्ये आठ मोठे आणि बारा छोटे मिळून वीस होतात. म्हणजे दहा मोठे की आठ, अशी ही तुलना मुळात नाहीच. खोक्यावर छापलेला आकडा दोन वेगळ्या वस्तूंची बेरीज आहे. एका कोअरचा सर्वाधिक वेग पाहिला, तर १४४०० चा ४.७ गिगाहर्ट्झ, ७७०० चा ५.३ आणि १४७०० चा ५.४ आहे. वेगवेगळ्या बांधणीच्या प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ थेट ताडून पाहू नयेत हे खरे, परंतु १४४०० आणि १४७०० एकाच घराण्यातले असल्यामुळे त्यांच्यातील फरक या आकड्यावरून बऱ्यापैकी कळतो.

माझे मत असे की, आपल्या कामासाठी आय-७ वर अधिकचे पैसे घालू नयेत. दुकानदाराने आय-७ सोबत १६ जीबी रॅम दिली असेल आणि तेवढ्याच पैशांत आय-५ सोबत ३२ जीबी रॅम व मोठी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी मिळत असेल, तर आय-५ चा संच निःसंशय चांगला, कारण अंकाच्या दिवसांत आपल्याकडे मांडणी, छायाचित्रे, पीडीएफ आणि ब्राउझर हे सगळे एकाच वेळी उघडे असणार. हे सगळे घेऊनही पैसे उरत असतील, तर रायझन ७ ७७०० कडे वळावे. त्याचा वेग आपल्या प्रकारच्या कामात जाणवेल. मात्र हा रायझन ज्या बोर्डावर (मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) बसतो, त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते, तर १४४०० साठी डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. त्यामुळे दोन्ही कोटेशनांत रॅम कोणती धरली आहे ते विचारल्याशिवाय किमतींची तुलना करू नये.

आपल्या व्यवसायातली एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. आपल्याकडील जुनी मराठी अक्षरजुळणी डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची छोटी किल्ली) लावून चालत असेल, तर तिचे डोंगल विंडोज ११ वर ओळखले जाते की नाही, हे खरेदीपूर्वी त्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला लेखी विचारून घ्यावे. वीस वर्षांच्या जुन्या फाईली ज्या अक्षरसंचात अडकलेल्या आहेत, तो अक्षरसंच नव्या यंत्रावर उघडला नाही, तर प्रोसेसर कितीही वेगवान असून आपले काम थांबेल. म्हणूनच खरेदी जूनमध्येच उरकावी आणि जुना संगणक निदान दिवाळी होईपर्यंत जोडलेलाच ठेवावा.

प्रश्न : मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. एका दुकानात नूतनीकरण केलेला आय-७ संगणक, १६ जीबी रॅम आणि एसएसडीसह, नव्या आय-३ पेक्षाही कमी किमतीत मिळतो आहे. आय-७ हा आय-३ पेक्षा वरचाच ना? (मुलुंड)

उत्तर : केवळ आय-७ एवढ्या नावावर कोणताही संगणक घेऊ नये, त्याच्यापुढचा पूर्ण क्रमांक मागून घ्यावा. आय-३, आय-५, आय-७ ही एकाच पिढीतील भावंडांची उतरंड आहे, आणि पिढी बदलली की ती उतरंड लागू होत नाही. या किमतीला विकले जाणारे संगणक बहुधा आय-७ ३७७० किंवा त्याच्या आगेमागेचे असतात. त्यातील पहिला ३ हा अंक तिसरी पिढी सांगतो. तो प्रोसेसर २०१२ सालचा आहे. त्यात चार कोअर आणि आठ धागे आहेत. २०२२ च्या आरंभी आलेल्या आय-३ १२१०० मध्येही चार कोअर आणि आठ धागेच आहेत, परंतु त्याचा प्रत्येक कोअर जुन्या आय-७ च्या कोअरपेक्षा पुष्कळच वेगवान आहे आणि वीजही कमी घेतो. म्हणजे २०१२ मधला मोठा भाऊ आजच्या धाकट्यापुढे मागे पडतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. काही दुकानांत ही अट वळसा घालून ओलांडली जाते आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ बसवून दिले जाते. ते चालतेही, परंतु अशा संगणकाला पुढची अद्यतने मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी असा पाया घेऊ नये. नवा आय-३ खरोखरच आवाक्याबाहेर असेल, तर नूतनीकरण केलेल्या संगणकांतच आय-५ ८५०० किंवा त्यापुढचा शोधावा. तो सहा कोअरचा असून विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे. संगणक सुरू करून, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि नंतर अबाउट उघडले की प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक समोर दिसतो. दुकानातच तो पाहावा, कारण खोक्यावरच्या चिकटपट्ट्या बदलता येतात.

प्रश्न : सुटे भाग घेऊन संगणक जुळवला. प्रोसेसर आय-५ १२४००एफ आहे. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. दुकानदार आता ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणतो. (अंधेरी)

उत्तर : दोष जोडणीत नसून त्या एफ या अक्षरात आहे. इंटेलच्या क्रमांकाशेवटी एफ असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र पाठवणारा भागच चालू नसतो. म्हणून बोर्डावरच्या एचडीएमआय जोडणीतून काहीही बाहेर येत नाही. रायझनचे नियम थोडे वेगळे आहेत : ५००० मालिकेत ५६००जी सारख्या जी असलेल्या प्रोसेसरमध्येच अंगचे ग्राफिक्स असते आणि साध्या ५६०० मध्ये नसते, तर ७००० मालिकेत ते बहुतेकांत असते आणि ७५००एफ सारख्यांत नसते. आपल्याला खेळ खेळायचे नसतील, तर कार्ड घेण्याऐवजी प्रोसेसर बदलून साधा आय-५ १२४०० मागावा आणि किमतीतला फरक भरावा. आपण कार्डाशिवायचा संच मागितल्याचे कोटेशन जपून ठेवले असेल, तर हा बदल करून देणे ही दुकानदाराचीच जबाबदारी आहे, आणि आपण ती ठामपणे मागावी.

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे आणि गणेशोत्सव मंडळांचे चित्रीकरण व संकलन करतो. नव्या कॅमेऱ्याच्या एच.२६५, दहा बिट, ४:२:२ फाईली टाइमलाइनवर अडखळत चालतात. माझ्याकडे आरटीएक्स ३०६० कार्ड आहे. आय-७ १४७००केएफ आणि रायझन ९ ९९००एक्स यांत कोणता घ्यावा? १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांत दोष निघाल्याचेही ऐकले आहे. (लालबाग)

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण आपण फाईलचा प्रकार नेमका लिहिला आहे आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. ४:२:२ म्हणजे रंगांची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा दुपटीने जपणारी पद्धत. एच.२६५ मध्ये दाबून ठेवलेली ही माहिती प्रत्येक चौकटीसाठी पुन्हा उलगडावी लागते, आणि त्यासाठी प्रोसेसर किंवा कार्डात वेगळा, त्याच कामाला वाहिलेला भाग असावा लागतो. आपल्या आरटीएक्स ३०६० मध्ये ४:२:२ उलगडण्याची सोय नाही. एनव्हिडियाने ती २०२५ मधील ५० मालिकेत आणली. रायझन ९ ९९००एक्सच्या अंगच्या ग्राफिक्समध्येही ती नाही. त्यामुळे हे ओझे थेट कोअरवर पडते आणि बारा कोअर असूनही टाइमलाइन अडखळू शकते. इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये मात्र एच.२६५ च्या ४:२:२ साठी ही सोय आहे, आणि तिला क्विक सिंक म्हणतात.

आता आपल्याला सुचवलेल्या क्रमांकाकडे पाहावे : १४७००केएफ. वरच्या पत्रातील तेच एफ येथेही आहे, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी इंटेल घ्यायचा, तीच त्यात नाही. चार पैसे वाचवण्यासाठी केएफ घेणे हा आपल्या धंद्यासाठी सर्वांत महाग पडणारा पर्याय ठरेल. घ्यायचा तर १४७००के.

दोषाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. १३ व्या आणि १४ व्या पिढीचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्ट २०२४ पासून त्यावर उपाय म्हणून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले आणि खोक्यातून विकलेल्या अशा प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड बोर्डाच्या बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून येतो. तो पुढची झीज रोखण्यासाठी आहे, आधी झालेली झीज त्याने भरून निघत नाही. म्हणून १४७००के घेतला, तर दुकानातच बायोस नवे करून घ्यावे आणि त्यानंतरच पहिले काम सुरू करावे. वापरलेला १३ वा किंवा १४ वा आय-७ किंवा आय-९ कितीही स्वस्त मिळाला, तरी तो घेऊ नये, कारण आधीच्या मालकाने तो कसा वापरला हे आपल्याला कधीच कळणार नाही.

माझी पसंती विचारली, तर इंटेलचाच कोअर अल्ट्रा ७ २६५के. हा ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या मालिकेतील प्रोसेसर आहे. आठ मोठे आणि बारा छोटे असे वीस कोअर त्यात आहेत, क्विक सिंक आहे आणि वरच्या दोषाची झळ त्याला नाही. त्याला बोर्ड वेगळा लागतो आणि रॅम डीडीआर५ लागते, हे हिशेबात धरावे. कार्ड लावल्यावर काही बोर्डांवर अंगचे ग्राफिक्स आपोआप बंद होते. ते बायोसमध्ये पुन्हा चालू करून, संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उलगडण्यासाठी इंटेलची निवड झाली आहे ना, हे पाहावे.

या हंगामात खरेदी जमणार नसेल, तर सध्याच्या संगणकावरच रात्री प्रॉक्सी फाईली (मूळ फाईलींच्या हलक्या प्रती) तयार करायला लावाव्यात आणि सकाळी त्यांवर संकलन करावे. अंतिम चित्रफीत मूळ फाईलींवरूनच निघते, त्यामुळे दर्जा कमी होत नाही.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. प्रोग्रॅमिंग आणि थोडे गेमिंग. तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येईल असा संच हवा आहे. आय-५ १२४०० की रायझन ५ ७६००? (चेंबूर)

उत्तर : पुढे बदल करण्याचा विचार खरोखरच पक्का असेल, तर रायझन ५ ७६००. दोन्ही सहा कोअरचे आणि बारा धाग्यांचे आहेत, दोन्ही आजच्या कामाला पुरतात. फरक सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचा आहे. १२४०० ज्या एलजीए १७०० सॉकेटवर बसतो, त्यावर १२ वी, १३ वी आणि १४ वी अशा तीन पिढ्या येऊन गेल्या आणि इंटेलची पुढची डेस्कटॉप मालिका एलजीए १८५१ वर गेली. ७६०० चा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. या कंपनीचा आधीचा अनुभवही चांगला आहे : २०१७ मध्ये रायझनसाठी घेतलेल्या अनेक एएम४ बोर्डांवर, बायोस नवे केल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी बसवता आला.

तरीही एक सांगावेसे वाटते. आपल्या वयाच्या ज्या विद्यार्थ्यांनी मला पूर्वी हाच प्रश्न विचारला, त्यांतील बहुतेकांनी नंतर प्रोसेसर बदलला नाही. बदलले ते कार्ड, वाढवली ती रॅम. आपण नियमित खेळ खेळत असाल आणि पैसे मोजके असतील, तर १२४००एफ घेऊन उरलेल्या पैशांत वरच्या दर्जाचे कार्ड घेणे आजच्या घडीला अधिक फळ देईल. बदलाची शक्यता किती खरी आहे, हे आपल्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही.

प्रश्न : आमची दहा बाय बाराची खोली, वातानुकूलन नाही. ६५ वॅटचा प्रोसेसर घेतला की संगणक थंड राहील ना? (परळ)

उत्तर : खोक्यावरील ६५ वॅट हा आकडा सगळे सांगत नाही. आय-७ १४७०० च्या मूळ विजेचा आकडा ६५ वॅट आहे, परंतु पूर्ण जोरावर तो २१९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय-५ १४४०० चाही मूळ आकडा ६५ च आहे, आणि त्याची मर्यादा १४८ आहे. रायझन ५ ७६०० आणि ७ ७७०० वरही ६५ वॅट लिहिलेले असते, आणि ते सुमारे ८८ वॅटवर थांबतात. प्रोसेसर घेतो ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन आपल्याच खोलीत उतरते. २१९ आणि ८८ यांतील १३१ वॅटचा फरक, रोज तीन तास पूर्ण जोराचे काम धरले, तर महिन्याला सुमारे १२ युनिट होतो. बिलावर तो थोडाच दिसेल, पण मे महिन्याच्या दुपारी बंद खोलीत पुष्कळ जाणवेल. खोलीचे तापमान जितक्या अंशांनी चढते, जवळजवळ तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. आपल्यासाठी ८८ वर थांबणारा रायझनच योग्य. त्याची पेटी भिंतीला टेकवून किंवा पलंगाखाली ठेवू नये.

प्रश्न : वय ६८. बँकेची कामे, ईमेल, मराठी टंकलेखन आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे एवढेच करते. दुकानात गेल्यावर गोंधळ होतो. दुकानदाराला नेमके काय सांगू? (बोरिवली)

उत्तर : आपल्याला आय-३ पुरेसा आहे, आणि कोणी आय-५ चा आग्रह धरला तरी नकार द्यावा. खालील मजकूर कागदावर लिहून दुकानदारापुढे ठेवावा : "प्रोसेसर आय-३ १४१००, शेवटी एफ नको, सीलबंद खोक्यातला, ट्रेमधला नको. रॅम १६ जीबी. एनव्हीएमई एसएसडी ५१२ जीबी. वेबकॅम. जीएसटीचे बिल, त्यावर प्रोसेसरचा अनुक्रमांक." ट्रेमधला म्हणजे खोक्याविना सुटा विकला जाणारा प्रोसेसर, त्याच्या हमीसाठी कंपनीऐवजी पुन्हा त्याच दुकानदाराकडे जावे लागते, म्हणून तो टाळायचा. पैसे देण्यापूर्वी खोक्यावरचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी तिथल्या तिथे ताडून पाहावा, आणि रिकामे खोके तीन वर्षांची हमी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावे.